छत्तीस नमुने

१

विहिरी उठवायची सकाळ होती.

लाटंबार्से गावाच्या एका टोकाला, काजूच्या बागायतींपलीकडे, किंदळवाडा आहे. चाळीस घरे आणि बारा विहिरी. विहिरीला इथे बांय म्हणतात. पौष पुनवेपासून तीन दिवस या बारा बांयी निजतात. वर्षभर पाणी देणारीला तीन दिवसांचा विसावा, एवढाच त्याचा अर्थ. आदल्या दिवशी घरोघरी हंडे भरून ठेवतात. राजू, म्हणजे पाणी काढायचा दोर, रहाटावरून उतरवतात आणि वेटोळे करून घरात देवापुढे ठेवतात. चौथ्या दिवसापर्यंत त्याला कोणी हात लावत नाही. बांयीच्या तोंडावर माडाचे एक चुडत, म्हणजे झावळ, आडवे टाकतात. मग पाणी काढायचे नाही, आणि आत वाकून बघायचेही नाही. निजलेल्याच्या तोंडावर कोणी वाकून बघते का, असे जुन्या बायका विचारतात.

चौथ्या दिवशी सकाळी सुलोचनाआजी पणती घेऊन पुढे निघाल्या. मागे वाड्यावरच्या बायका होत्या. बोलत कोणीच नव्हते, कारण आदल्या दुपारपासून सुदेश गावस घरी आला नव्हता. सगळ्या वाड्याने त्याला शोधले होते. काजूची बागायत पाहिली, व्हाळ, म्हणजे ओढा, पाहिला, डिचोलीपर्यंतचा रस्ता पाहिला. त्याची बायको संजना आता त्या बायकांत सर्वांत मागे चालत होती. घरात बसून राहवत नाही, म्हणाली होती.

सहा बांयी उठवून झाल्या. सातवी विद्यापीठाच्या क्षेत्र केंद्राच्या कुंपणात होती. तुयेच्या पठारावर शापोरा संशोधन विद्यापीठ उभे राहिले, तेव्हा पाण्याच्या अभ्यासासाठी त्यांनी वाड्यावर दोन खोल्यांचे हे केंद्र बांधले. जमीन त्यांची झाली, पण बांय वाड्याचीच राहिली.

सुलोचनाआजी थांबल्या.

"चुडत खंय गेलें गो?"

बांयीचे तोंड उघडे होते. काठावर एक नवा नायलॉनचा दोर पडला होता आणि त्याच्या टोकाला नमुना घ्यायची काचेची बाटली होती. आजींनी पणती खाली ठेवली आणि आत वाकून पाहिले. मग त्या वळल्या आणि दोन्ही हात पसरून संजनाच्या आड उभ्या राहिल्या.

"तूं हांगा येवं नाका, बाय."

सगळीकडे शोधले होते. फक्त बांयीत कोणी पाहिले नव्हते.

२

पेडण्याला विनोदिनी शेट्ये यांच्या घरी सोमवारी टपाल आले. सदतीस वर्षे गणित शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या, पण बसस्टँडवरच्या मोटारसायकल-टॅक्सीवाल्या पायलटपासून पाव विकणाऱ्या पोदेरापर्यंत सगळे त्यांना अजून टीचरच म्हणत. विद्यापीठाचा वार्षिक अहवाल मराठीत करून देण्याचे काम त्या गेली चार वर्षे करत होत्या. पाकिटात त्याच अहवालाची छपाईला जाणारी शेवटची पाने होती.

पहिल्या पानावर परिचय होता. दुसऱ्यावर उद्दिष्टे: संशोधन समाजापर्यंत नेणे, पीएच.डी.ची संख्या वाढवणे, आणि चौथे, 'क्षेत्र केंद्रातील बारा विहिरींच्या पाण्याची वर्षभर, एकही दिवस न चुकवता मोजणी करणे'. तिसऱ्या पानावर 'विद्यापीठ एका दृष्टिक्षेपात', वर्ष २०२४-२५. विद्यार्थी २,११८. संशोधक १४६. शोधनिबंध ३०७. पीएच.डी. २९. विहिरींच्या पाण्याचे नमुने ४,३८०.

या शेवटच्या आकड्याला चांदणी होती आणि पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत टीप.

'क्षेत्र केंद्राच्या आकडेवारीत सांख्यिकी सहायक कै. सुदेश गावस यांनी काल्पनिक नोंदी केल्याचे अंतर्गत चौकशीत आढळले आहे.'

टीचरनी चष्मा काढला, पुसला आणि टीप पुन्हा वाचली.

सुदेश त्यांचा विद्यार्थी. त्या डिचोलीला शिकवत असताना तो लाटंबार्सेहून चालत यायचा. उत्तर चुकले की रबर शोधायचा. त्या त्याला म्हणायच्या, "खोडू नकोस रे. बाजूला लिही, कुठं चुकलं ते. खोडलंस तर तुलाच कळणार नाही." पुढे तो विद्यापीठात लागला, आणि अहवालाची कच्ची पाने दर वर्षी स्वतः घेऊन त्यांच्याकडे येऊ लागला. या वर्षीही डिसेंबरात आला होता.

त्यांनी कपाटातून ते कच्चे पान काढले. सुदेशने पेन्सिलीने भरलेले. विद्यार्थी २,११८. शोधनिबंध ३०७. सगळे तेच. फक्त शेवटच्या ओळीत ४,३८० नव्हते. तिथे लिहिले होते ४,३४४.

त्यांनी कुलसचिव बाबाजी कोरगावकरांना फोन लावला.

"टीचर, आम्हांलाही वाईट वाटतं," कोरगावकर म्हणाले. "पण खोट्या नोंदी त्याच्याच नावानं, त्याच्याच पासवर्डानं झाल्यात. आणि त्यानं मला पत्र लिहिलं होतं. वाचतो. 'क्षेत्र केंद्राच्या आकड्यांत खोट आहे. मला आता गप्प बसवत नाही. बुधवारी समक्ष येऊन सगळं सांगतो.' गेल्या सोमवारी दुपारी तो गेला. याचा अर्थ काय घ्यायचा?"

"कबुली, असा घेतलात तुम्ही."

"सगळ्यांनीच घेतला. शुक्रवारी पान छापायला जातं."

"खोटं वाढवणाऱ्या माणसानं मला कमी आकडा का दिला असेल?"

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

"हातात धरता येईल असं काही आणा, टीचर. पेन्सिलीचं पान चालणार नाही. शुक्रवारी दहाला सगळे माझ्याकडे आहेत."

फोन ठेवून टीचरनी कागदाच्या कोपऱ्यात वजाबाकी केली. छत्तीस. हा आकडा कुठून आला, ते त्यांना सांगता येईना.

३

किंदळवाड्यावर जायला दोन बस बदलाव्या लागतात. टीचर आधी केंद्रावर गेल्या. कुंपणात एक आंबा, दोन माड, पंपाची खोली, आणि ती बांय. काठ कोरडा होता, शेवाळ कुठे नव्हते. पाय घसरण्यासारखे तिथे काही दिसले नाही.

संजना ओटीवर भिंतीला टेकून बसली होती. आठवा दिवस होता. सुतकाच्या घरी चूल नव्हती. शेजारणी पाणी आणि पेज आणून देत होत्या. आतल्या खोलीत नऊ वर्षांची सायली पाठ करून झोपली होती.

"शाळेत जात नाही म्हणते," संजना म्हणाली. "पोरांनी विचारलं, तुझ्या पप्पांनी खोटं लिवलं म्हणून बांयीत उडी घातली काय गो. टीचर, तुम्ही शिकवलंत त्यांना. ते खोटं लिवणारे का?"

"मला ठाऊक नाही असं धरून मी आले आहे," टीचर म्हणाल्या. "ठाऊक आहे असं धरलं, तर मला दिसायचं तेही दिसणार नाही. त्या दिवसाचं सांग."

"तिसरा दिवस. दुपारी सगळा वाडा देवळात असतो. हे म्हणाले, कामावरचं एक माणूस भेटायला येतं, केंद्रावर जाऊन येतो. चहाच्या आधी येतो म्हणाले."

"कोण माणूस?"

"नाव नाही सांगितलं. कपाळाला आठ्या होत्या. दारातून परत आले आणि म्हणाले, राजू उद्या मीच काढीन, कोणी हात लावू नका. मी म्हटलं, उद्यापर्यंत तसाही कोण हात लावतंय त्याला? हसले. मग गेले. रात्री माणसं केंद्रावर जाऊन आली, पण खोल्यांना कुलूप बघून फाटकावरूनच परतली, निजलेल्या बांयीकडे कोणी गेलं नाही."

 टीचरनी हळूच विचारले, "ते नमुन्याचं पाणी काढायला गेले होते, असं म्हणतात."

संजनाने पहिल्यांदा मान वर केली.

"निजलेल्या बांयीचं? टीचर, हे याच वाड्यावर जन्मले. लहानपणी एकदा बांयीत खडा टाकला म्हणून आजोबांनी दिवसभर उपाशी ठेवलेलं. कोणी गळ्यावर सुरी ठेवली असती तरी त्यांनी त्या दिवशी पाणी काढलं नसतं."

मग बाटली बांयीच्या काठावर दुसऱ्या कोणी ठेवली होती. आणि ज्याने ठेवली, त्याला बांय निजलेली आहे हे ठाऊक नव्हते.

४

रोजचे नमुने काढायचे काम सागर दळवीचे. दोडामार्गचा माणूस, आधी खाणीच्या ट्रकवर होता, खाण बंद झाली तेव्हा केंद्रावर लागला. टीचर त्याला थांब्यावरच्या हॉटेलात भेटल्या. त्याने त्यांच्यासाठी चहा सांगितला आणि स्वतः उभाच राहिला.

"बस रे. मी काय छडी आणलेली नाही."

तो बसला. "माका काय इचारतात ता ठावक आसा. पोलिसांनी पण इचारलानी. मी त्या तीन दिसांत घरी होतंय. बहिणीचा साखरपुडो होतो, शंभर माणूस साक्षी आसा."

"मी ते विचारत नाही. नमुने रोज काढतोस?"

"रोज. बारा बांयी, बारा बाटल्ये. यंत्रात घालूचा, आकडो येता तो वयत लिवचो."

"आणि या तीन दिवसांत?"

सागरने त्यांच्याकडे असे पाहिले की जणू टीचरना अंकलिपी येत नाही. "तीन दिस बांय निजता. मी बाटली घेवन गेलंय तर सुलोचनाआजी माका खेटरान मारीत. गेल्या वर्साक पण मी वयत तसाच लिवलंय."

टीचरनी कप खाली ठेवला. त्यांनी पिशवीतून कागद काढला आणि त्याच्यासमोर हिशेब मांडला, जसा त्या चौथीच्या वर्गात मांडत, एक पायरी संपल्यावरच दुसरी. वर्षाचे दिवस तीनशे पासष्ट. रोज बारा नमुने. बारा गुणिले तीनशे पासष्ट, चार हजार तीनशे ऐंशी. आता तीन दिवस निजण्याचे काढले. उरले तीनशे बासष्ट. बारा गुणिले तीनशे बासष्ट, चार हजार तीनशे चव्वेचाळीस.

"छत्तीस," सागर म्हणाला. "तीन दिसांचे छत्तीस."

"सुदेशचा आकडा खरा होता. अहवालातल्या आकड्यात जे छत्तीस नमुने जास्त आहेत, ते कोणी काढलेच नाहीत. सागर, ती वही कुठं आहे?"

"सुदेशभाऊन नेली. म्हणालो, संगणकातले आकडे आणि वयतले आकडे जुळणत नाय, माका ताळो बघूक व्हयो. मी दिली. मग तो गेलो, आणि वय खय गेली कोणाक ठावक नाय." त्याने आवाज खाली आणला. "टीचर, ती वय शोधीत अजून एक माणूस इललो. माझो कपाटय बघल्यान."

"कोण?"

"गौरवी मॅडम."

५

गौरवी आरोंदेकर विद्यापीठाच्या सांख्यिकी कक्षाच्या प्रमुख, सुदेशच्या वरिष्ठ. मंगळवारी टीचर कक्षात गेल्या. सहा संगणक, आणि प्रत्येकाच्या कडेला चिकटवलेली चिठ्ठी. सुदेशच्या संगणकावरची चिठ्ठी अजून तिथेच होती, त्यावर त्याचा पासवर्ड.

"हो, सगळ्यांना ठाऊक असायचा," गौरवी थकल्या आवाजात म्हणाल्या. "कक्षातल्यांनाच काय, येणाऱ्या-जाणाऱ्यालाही. चूक आहे, मला कळतं."

"सागरचं कपाट तुम्ही पाहिलंत."

"पाहिलं. कुलसचिवांनी चौकशीत कागद मागितले, मी काय देणार? मला ती वही हवी होती, टीचर. सुदेश मरण्याआधी चार दिवस मला म्हणाला, मॅडम, नमुन्यांचा आकडा कोणीतरी बदललाय. मी म्हटलं, छपाईच्या वेळी तुझं काहीतरी नवीनच. रागावले त्याच्यावर." त्यांनी खण उघडून एक फाइल काढली. "रजेवर जाण्याआधीचं शेवटचं बोलणं ते."

फाइलमध्ये रजेचे अर्ज होते. टीचरनी वरचा वाचला. 'गावी विहिरी निजण्याचे दिवस असल्याने तीन दिवसांची रजा मिळावी.' खाली गौरवींची सही. त्याच्यामागे गेल्या वर्षीचा तसाच अर्ज, तशीच सही. त्याच्याही मागच्या वर्षाचा होता.

"हे निजणं म्हणजे काय, तुम्ही कधी विचारलंत त्याला?"

"पहिल्याच वर्षी. अर्धा तास सांगत बसला होता. हसले होते मी."

टीचरनी फाइल मिटली. गौरवींना ते तीन दिवस ठाऊक होते. सागरलाही. या दोघांपैकी कोणी खोटा आकडा लिहिला असता, तर तो तीनशे पासष्टाचा लिहिला नसता.

शेवटची खोली क्षेत्र केंद्राचे प्रमुख डॉ. साईश लोटलीकर यांची होती. मडगावचे, बोलायला मऊ. भिंतीवर उद्दिष्टांचा फलक होता, चौथे उद्दिष्ट ठळक अक्षरांत.

"सलग एका वर्षाची मोजणी झाली की केंद्राला राष्ट्रीय दर्जा मिळतो," ते म्हणाले. "पाच वर्षं मी त्यासाठी झटतोय. आणि माझ्याच माणसानं घरी बसून आकडे भरले. लोक म्हणतात उडी मारली. मला तसं म्हणवत नाही. शेवटी शेवटी पश्चात्ताप झाला असेल, खरा नमुना काढायला गेला असेल. विहिरीवर पोफळीची झावळ बिवळ पडली असेल, ती ओढायला वाकला आणि तोल गेला. मी हे असंच धरून चालतो. त्याच्या बायकोलाही तसंच सांगा."

"तुम्ही त्या दिवशी केंद्रावर होता का?"

"मी? महिनाभर तिकडे फिरकलो नाही. इथून दोन तास लागतात. अंत्यविधीलाही जाणं झालं नाही, याची खंत आहे."

टीचर नमस्कार करून बाहेर पडल्या. या माणसाने काही चुकीचे सांगितले नव्हते. पण काहीतरी जास्तीचे सांगितले होते, आणि ते काय, हे बस पेडण्याला पोचेपर्यंत त्यांना सापडले नाही.

६

गुरुवारी त्या पुन्हा किंदळवाड्यावर गेल्या. अकरावा दिवस. उद्या पान छापायला जाणार होते आणि त्यांच्या हातात एका वजाबाकीशिवाय काही नव्हते.

सुलोचनाआजी संजनाकडे पाणी घेऊन आल्या होत्या. टीचरनी त्यांना सहज विचारले, "त्या दिवशी केंद्राच्या बांयीवर माडाचं चुडत नव्हतं, तेव्हाच तुम्हांला संशय आला?"

"चुडत दिसलें ना म्हणूनच हांवें भितर वाकून पळयलें."

"माडाचं नव्हतंच ते," संजना भिंतीकडे बघत म्हणाली.

दोघी तिच्याकडे वळल्या.

"औंदा आमच्याकडे पाडेली आला नाही, माडावर कोण चढणार? पडलेलं एक चुडत होतं, ते आमच्या बांयीवर गेलं. पुनवेला अंधार पडता पडता ह्यांनी मागच्या कुळागरातली पोफळीची झावळ कापली आणि केंद्राच्या बांयीवर घालून आले. मी म्हटलं, पोफळीची चालते? म्हणाले, बांयीला पांघरूण हवं, झाड कुठलं ते कोण बघतंय. कोणाला सांगू नको, आजी ओरडतील."

टीचरना केंद्राचे कुंपण आठवले.

केंद्राच्या कुंपणात एक आंबा आणि दोन माड होते. पोफळ एकही नव्हती. वाड्यावरच्या कोणत्याही माणसाला विचारले असते, तर त्याने माडाचे चुडत म्हटले असते. पोफळीची झावळ तिथे होती हे सुदेशला ठाऊक होते, संजनाला ठाऊक होते, आणि ज्याने ती झावळ कचरा समजून बाजूला केली, त्याला.

त्यांनी डिचोलीचे उपनिरीक्षक गौरेश पार्सेकर यांना फोन केला. "केंद्रावर जा. बांयीच्या आसपास, पंपाच्या खोलीमागे कुठं वाळलेली झावळ फेकलेली आहे का बघा. कसली आहे ते मी सांगत नाही. तुम्ही मला सांगा."

मग त्या संजनासमोर जमिनीवर बसल्या.

"संजना, सुदेशनं राजूचं काय सांगितलं होतं, ते परत सांग."

"उद्या मीच काढीन. कोणी हात लावू नका."

"दर वर्षी कोण काढतं?"

"मी." ती सावकाश म्हणाली. "दर वर्षी मीच."

"तो राजू कुठं आहे?"

"देवापुढं. तसाच. चौथ्या दिवशी हे असं झालं, मग सुतक. देवाकडलं आम्हांला शिवता येत नाही. पाणी शेजारचे देतात." ती टीचरकडे वळली. "तुम्ही घरच्या नाही, टीचर. तुम्ही काढा."

देवाच्या कोनाड्यात अकरा दिवस दिवा लागला नव्हता. खाली काथ्याच्या जाड दोराचे वेटोळे होते, हंड्याएवढे. टीचरनी ते दोन्ही हातांनी उचलून ओटीवर आणले आणि एक एक वेढा सोडवू लागल्या. सातव्या वेढ्याशी हाताला कापड लागले.

कापडात एक लांबट निळी वही होती.

७

शुक्रवारी दहाला कुलसचिवांच्या खोलीत पाच माणसे होती. कोरगावकर, गौरवी, डॉ. लोटलीकर, दाराजवळ उपनिरीक्षक पार्सेकर, आणि टीचर. टीचरनी वही टेबलावर ठेवली, पण उघडली नाही.

"मी सावकाश सांगते," त्या म्हणाल्या. "मला घाईनं सांगता येत नाही."

त्यांनी वजाबाकी सांगितली. छत्तीस नमुने, तीन दिवस, बारा निजलेल्या बांयी. ज्याने आकडा वाढवला त्याला हे तीन दिवस ठाऊक नव्हते. सुदेश त्या वाड्यावर जन्मला, म्हणून तो नाही. सागरला हे ठाऊक आहे. गौरवीबाईंनी तर त्या तीन दिवसांच्या रजेवर तीन वर्षं सही केली आहे.

"याच माणसानं एकच चूक दोनदा केली," टीचर म्हणाल्या. "आधी कागदावर तीन दिवस पाणी काढलं. मग बांयीच्या काठावर बाटली आणि दोर ठेवला, सुदेश पाणी काढायला गेला असं दिसावं म्हणून. ते पाणी कोणी काढतच नाही, हे त्याला दोन्ही वेळा कळलं नाही."

डॉ. लोटलीकर हसले. "टीचर, रिवाज ठाऊक नसणं हा गुन्हा असेल, तर अर्ध्या गोव्याला धरावं लागेल."

"खरं आहे. तुम्ही महिनाभर केंद्रावर गेला नाहीत."

"सांगितलं ना तुम्हांला."

"मग विहिरीवर पोफळीची झावळ होती, हे तुम्हांला कोणी सांगितलं?"

"कोणीतरी बोललं असेल. वाड्यावरचे लोक."

"वाड्यावरच्या लोकांना माडाचं चुडत वाटत होतं. आजही वाटतं. सुदेशनं पुनवेला काळोख पडताना पोफळीची घातली, आणि बायकोला सांगितलं, कोणाला सांगू नको. तुमच्या कुंपणात पोफळ नाही, वाऱ्यानं उडून यायला. पार्सेकर, तुम्हांला काल काय मिळालं?"

"पंपाच्या खोलीमागं फेकलेली झावळ," पार्सेकर म्हणाले. "पोफळीची. काल संध्याकाळपर्यंत आमच्याही कागदांत ती नव्हती. डॉक्टर तिच्याबद्दल मंगळवारीच बोलले होते."

 टीचरनी वही उघडली.

रोजच्या नोंदी, सागरच्या तिरप्या अक्षरात. गेल्या पौषातल्या पुनवेच्या पानावर बारा चौकटी रिकाम्या होत्या आणि त्यांवर एकच ओळ होती: 'बांय निजली. नमुनो नाय.' पुढच्या दोन पानांवर तेच. पण कुलसचिवांची नजर दुसरीकडे गेली. पावसाळ्याच्या महिन्यांत चार विहिरींसमोर मँगनीजचे आकडे होते, ०.५, ०.६, कुठे ०.७. मर्यादा ०.३ची. संगणकातल्या तक्त्यात याच विहिरी वर्षभर ०.२च्या वर गेल्या नव्हत्या. प्रत्येक बदललेल्या आकड्याशेजारी सुदेशने पेन्सिलीने दुसरा आकडा लिहिला होता. काही खोडले नव्हते.

"या चार बांयींचं पाणी लोक पितात," कोरगावकर म्हणाले. त्यांनी हे कोणाला उद्देशून म्हटले, ते त्यांनाही कळले नसावे.

डॉ. लोटलीकर टेबलाच्या कडेकडे बघत होते.

"मी फक्त वही मागायला गेलो होतो," ते म्हणाले. "एवढंच. तो म्हणाला, चार विहिरींवर पाटी लावा आधी. मी म्हटलं, एक वर्ष थांब, दर्जा मिळू दे, मग लावू. तो म्हणाला, माझी मुलगी रोज ते पाणी पिते. आणि वही द्यायला तयार नाही. मी त्याला बाजूला लोटलं. काठ एवढा बुटका आहे, ते मला..."

"हाक मारली होती त्यानं?" गौरवींनी विचारले.



"दुपारची वेळ," टीचर म्हणाल्या. "सगळा वाडा देवळात होता. देवळात वाद्यं वाजत होती. आणि नंतर कोणी बांयीत वाकून बघितलं नाही, कारण बघायचं नसतं. हाक मारली असेल, तर बराच वेळ मारली असेल."

पार्सेकरांनी दार उघडले.

८

अहवालाचे तिसरे पान त्या दिवशी छापायला गेले नाही. आठवड्यानंतर गेले. विद्यार्थी २,११८. संशोधक १४६. शोधनिबंध ३०७. विहिरींच्या पाण्याचे नमुने ४,३४४. तळाशी टीप होती: 'वर्षातील तीन दिवस नमुने घेतलेले नाहीत. चार विहिरींतील पाणी पिण्यास योग्य नाही. संकलन: सुदेश गावस.' कुलसचिवांनी ती तीन वेळा बदलून लिहिली होती आणि शेवटी टीचरनी सांगितली तशीच ठेवली.

सुतक फिटल्यावर टीचर छापलेले पान घेऊन किंदळवाड्यावर गेल्या. सायलीने ते दोनदा वाचले. मग दप्तरात, गणिताच्या वहीत, घडी न घालता ठेवले.

"उद्या शाळेत नेऊ?"

"ने की."

वाड्यावरच्या अकरा बांयी केव्हाच उठल्या होत्या. त्यांतली केंद्राची सुलोचनाआजींनी पोलीस गेल्यावर एकटीने उठवली होती. फक्त बारावी, संजनाच्या अंगणातली, राहिली होती. वहीतल्या अनुक्रमाने ती नववी. तिच्यापुढचा आकडा होता ०.६. टीचरनी तो संजनाला आदल्या दिवशीच सांगितला होता, कारण न सांगण्यासारखा तो नव्हता.

संजनाने राजू उचलला, रहाटावर चढवला. चुडत बाजूला केले. सायलीने पणती काठावर ठेवली. कळशी खाली गेली, पाण्याला लागल्याचा आवाज आला, आणि संजना ओढू लागली. तेच पाणी होते, नितळ, थंड. नऊ वर्षे तिने ते मुलीला दिले होते.

कळशी वर आली. तिने ती दोन्ही हातांत धरली आणि थोडा वेळ तशीच उभी राहिली.

मग कळशी माडाच्या बुंध्याशी रिकामी केली, राजू पुन्हा उतरवला, आणि चुडत उचलून बांयीच्या तोंडावर आडवे ठेवले.